अठरा घोड्यांचा खुलासा

प्राध्यापक ओरिन्बासार यांनी चौदाव्या शतकातील स्तेपी मुलखाच्या करपद्धतीवर एक जाडजूड प्रबंध लिहिला होता. खानाचा वसुली कारकून कोणत्या जनावरावर किती कर आकारीत असे, कळपाचा आकडा दडवणाऱ्याला तंबूपुढे कसे उभे करीत, कोणत्या अपराधाला दंड आणि कोणत्या अपराधाला चाबूक, हे सारे त्यांना मुखोद्गत होते. तराझ शहरात या विषयावर त्यांचा शब्द अंतिम मानला जाई. तो विचारायला कोणी येत नसे, ही गोष्ट निराळी. ज्याच्या पायाखाली ज्ञानाची एवढी भक्कम जमीन आहे असा मनुष्य स्वतःच्या शतकात कर बुडवल्याच्या आरोपाखाली सापडावा, यात नियतीने फारशी कल्पकता दाखवली असे म्हणता येत नाही. पण नियती कल्पक असते असे म्हणणाऱ्यांनी बहुधा कधी सरकारी नोटीस वाचलेली नसते.

ही नोटीस फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांच्या फोनवर आली. केंजेगुल, म्हणजे त्यांची पत्नी, दुधाचा चहा ओतत होती. वाटीत ओतलेला चहा निवून त्यावर साय धरली, तरी ओरिन्बासार फोनकडे पाहतच होते.

"अहो, कोण गेलं?" केंजेगुलने विचारले. या घरात फोनकडे इतका वेळ कोणी पाहिले, तर कोणीतरी गेलेलेच असे.

"कोणी गेलेलं नाही. मी व्यापारी झालोय."

नोटिशीचा आशय थोडक्यात असा होता : सदर गृहस्थांच्या वैयक्तिक खात्यावर सलग तीन महिने, दर महिन्याला शंभर किंवा त्याहून अधिक वेगवेगळ्या व्यक्तींकडून रकमा जमा झाल्या आहेत. हे व्यापाराचे लक्षण आहे. व्यापाराची नोंद नाही, उत्पन्न दाखवलेले नाही, कर भरलेला नाही. खुलासा द्यावा, अन्यथा कर, त्यावर दंड, त्यावर दररोजचे व्याज, आणि खात्यावरील सर्व व्यवहार बंद.

शेवटचे दोन शब्द केंजेगुलने मोठ्याने वाचले आणि चहाची किटली खाली ठेवली. त्याच खात्यात मोल्दिरच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या, पाठवणीच्या मेजवानीचे पैसे होते. सभागृहवाले उरलेली रक्कम एक मार्चलाच घेणार होते, आधी नाही. न भरल्यास जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि सेमेयहून व्याह्यांची दीडशे माणसे त्या वेळेस रेल्वेत बसलेली असणार होती.

"व्याह्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. "मुलीच्या बापाला कुलूप लावलंय, जेवण पुढच्या वेळी?"

आता हे तीन महिने कसे घडले ते सांगितले पाहिजे; त्यात ओरिन्बासार यांचा गुन्हा एकच होता, आणि तो म्हणजे सचोटी.

त्यांच्या नऊ मजली इमारतीचे पूर्वीचे प्रमुख सगळी वर्गणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रोख गोळा करीत. डबा कधी भरला नाही, इमारत कधी दुरुस्त झाली नाही, प्रमुखांनी मात्र शहराबाहेर दुमजली घर बांधले. त्यांना आयुष्यात एकही नोटीस आली नाही. गेल्या शरद ऋतूत रहिवाशांनी एकमताने ओरिन्बासार यांना प्रमुख केले, कारण ते शिकलेले होते आणि त्या सभेला उशिरा पोहोचले होते. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी अंगणात उभे राहून रोख पैशाचा निषेध केला. "रोखीचा व्यवहार हा पुराव्याचा खून आहे," असे ते म्हणाले. "यापुढे प्रत्येक घराने, प्रत्येक वेळी, स्वतःच्या नावाने, माझ्या फोनवर पैसे पाठवावेत. प्रत्येक तेंगेचा इतिहास राहिला पाहिजे." टाळ्या पडल्या. इतिहास राहिला.

नोव्हेंबरात हिवाळ्याचे मांस घेण्याची वेळ आली. पाच-सहा घरांनी मिळून एक घोडा घ्यायचा आणि वाटे करायचे, ही पद्धत खानाच्याही आधीची. शंभरावर घरांनी या वर्षी तो भार एकट्या ओरिन्बासार यांच्यावर टाकला, आणि ज्या माणसाने घोडे केवळ दस्तऐवजांत पाहिले होते त्याने अठरा घोडे खरेदी केले. डिसेंबरात लिफ्ट बंद पडली, वर्गणी. जानेवारीत चौथ्या मजल्यावरच्या बातिमा आपा वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून दफनाचा आणि जेवणाचा खर्च साऱ्या इमारतीने उचलला. घोडा, लिफ्ट आणि मृत्यू : सरकारी यंत्राच्या दृष्टीने एका भरभराटीच्या धंद्याचे तीन महिने.

पहिला सल्ला शेजारच्या दारातून आला. तुर्सिनखान हे निवृत्त कुस्तीप्रशिक्षक; मान नसलेले, आवाज असलेले.

"ओरेके," ते म्हणाले. आदराने नाव आखूड करायची तिथली रीत. माणूस मात्र आखूड केल्याने लहान होत नाही अशी समजूत आहे. "ओरेके, तुम्ही आजारी पडा."

"आजारी पडून काय होईल?"

"आजारी माणसावर कोण दंड लावतं? माझा मेहुणा एकदा चार महिने आजारी होता. सगळं मिटलं."

"त्याला काय झालं होतं?"

"काही नाही. म्हणून तर चार महिने टिकला."

ओरिन्बासार यांना आजारी पडण्यापेक्षा खुलासा लिहिणे अधिक प्रतिष्ठेचे वाटले. त्यांनी एकोणीस पाने लिहिली. पहिल्या सात पानांत सामुदायिक वर्गणी आणि व्यापारी नफा यांतील भेद खानाच्या फर्मानांच्या आधारे स्पष्ट केला होता. आठव्या पानावर तळटीपा सुरू होत होत्या. ते पुडके काखेत घेऊन ते कर कार्यालयात गेले. तिथे खिडकीमागे कुल्याश नावाच्या निरीक्षक बसल्या होत्या. चाळिशीच्या, खांद्यावर लोकरी शाल, चेहऱ्यावर अशी शांतता, की ती दयेची आहे की कंटाळ्याची हे कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी पहिले पान वाचले, दुसरे उलटले, आणि उरलेली सतरा तळव्याने अलगद बाजूला सारली.

"आगाय," त्या म्हणाल्या. शिक्षकांना म्हणतात तसे. "घोडे कोणाचे होते?"

"सगळ्यांचे."

"विकत घेतले कोणी?"

"मी. पण सगळ्यांसाठी."

"म्हणजे तुम्ही घेतले आणि लोकांना पैसे घेऊन दिले. आम्ही याला विक्री म्हणतो."

"हानिम," ते म्हणाले. बाईंना आदराने म्हणतात तसे. "यात मला एका तेंगेचाही फायदा झाला नाही! माझ्या वाट्याला तर मान आली. नुसती मान!"

"तोट्यातला धंदासुद्धा धंदाच असतो." त्यांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पैसे पाठवताना रहिवाशांनी जोडलेले चार-चार शब्द तिथे ओळीने उभे होते. *बरगड्यांचे. मागच्यापेक्षा चांगलं मांस, धन्यवाद. दोन किलो जास्तीचे. पुढच्या वर्षीही तुमच्याकडूनच घेऊ.* "हे गिऱ्हाईक बोलतंय, आगाय. वर्गणीदार असं बोलत नाही."

"हे शेजारी आहेत! ते लिफ्टलाही असंच बोलतात."

"लिफ्टचंही दिसतंय. *लवकर पोहोचवा.*" त्यांनी पडदा परत फिरवला. "मांस चांगलं होतं, ते मात्र खरं. माझी नणंद तुमच्याच इमारतीत सातव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे जेवले मी."

ज्या घोड्याचा कर मागितला जात होता, त्याच घोड्याचा रस्सा कर मागणाऱ्याच्या पोटात गेलेला होता. चौदाव्या शतकात याला खानाचा हिस्सा म्हणत आणि त्यावर हिशेब पूर्ण मानत, हे ओरिन्बासार यांना तत्काळ आठवले. तळटीपही आठवली.

"आता ऐका," कुल्याश आवाज खाली आणून म्हणाल्या. "प्रत्येकाकडून एक ओळ लिहून, सही करून आणा. 'हे पैसे मी माझ्या वाट्याचे दिले, काही विकत घेतलं नाही.' एवढंच. मग मी हे बंद करते. नाही आणलंत, तर बातिमा आपा आणि लिफ्ट मी सोडून देईन, मला तेवढा अधिकार आहे. पण घोड्यांवर कर, दंड आणि व्याज भरावं लागेल. आणि या महिन्यात तुमचं खातं शांत राहू द्या. या महिन्यातही शंभर माणसं झाली ना, तर ते माझ्या हातात नाही. यंत्र स्वतःच खातं बंद करतं. ते मला विचारत नाही."

"आणि नव्याण्णव झाली तर?"

"नव्याण्णवांची त्याला काही अडचण नाही."

खुलाशाची सर्वांत सोपी वाट मिळाली या आनंदात ओरिन्बासार घरी परतले. ज्या माणसांनी आपल्या घोड्याचे, लिफ्टचे आणि मृताचे पैसे निर्धास्तपणे त्यांच्या हवाली केले होते, ती माणसे खऱ्या गोष्टीवर एक सही करतील, याविषयी त्यांना शंका नव्हती. ग्रंथांत बुडालेल्या माणसाला समाज कळत नाही असे म्हणतात. त्यांना चौदाव्या शतकातला समाज उत्तम कळत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांना आत बसवले, बाउर्साक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पुढे ठेवले, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला.

"हा कागद जाणार कुठे?"

"कर कार्यालयात."

"माझ्या नावानिशी?"

"नावाशिवाय सही कशी होईल?"

बाईंनी दार लावून घेतले आणि कुजबुजल्या, "ओरेके, आतल्या खोलीत तीन विद्यार्थिनी भाड्याने राहतात. ते कुठे सांगितलंय मी? एकदा त्यांनी नाव बघितलं की मग बघतच बसतात हो. तुम्ही बाउर्साक घ्या ना."

पाचव्या मजल्यावरचा दंतवैद्य घरीच दात काढत असे. त्याने सहीऐवजी दाढ मोफत तपासून देण्याची तयारी दाखवली. आठव्यावरची शिक्षिका शिकवण्या घेई, तिच्या नवऱ्याची एक टॅक्सी होती जी त्याच्या नावावर नव्हती. सातव्या मजल्यावर, खुद्द निरीक्षकबाईंच्या नणंदेने, आपली वहिनी त्याच कार्यालयात असल्यामुळे आपली सही अशोभनीय ठरेल असे कारण सांगितले. तिच्या स्वयंपाकघरात मागणीप्रमाणे केक तयार होत होते आणि साऱ्या जिन्यात व्हॅनिलाचा वास होता. सगळे भेटत होते प्रेमाने. सगळ्यांनी खायला दिले. ओरिन्बासार यांना त्या आठवड्यात अजीर्ण झाले. सही एकही मिळाली नाही.

"निदान तुम्ही तरी करा," ते शेवटी तुर्सिनखान यांच्या दारात म्हणाले.

तुर्सिनखान यांनी गहिवरून त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. "ओरेके, तुमच्यासाठी मी जीव देईन. माझं गॅरेज माहितीये ना? भाड्याने दिलंय. जीव मागा."

"जीव नको. सही हवीय."

"तेवढं सोडून बोला."

घोडेवाल्याकडून खरेदीची पावती आणावी, असाही सल्ला मिळाला. ओरिन्बासार बसने त्याच्या गावी गेले. घोडेवाल्याने त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. "पावती?" तो म्हणाला. "घोडा तुमच्यासमोर उभा होता की. त्याहून मोठी पावती कुठली?" आणि परतीच्या वाटेसाठी एक पिशवीभर सुकवलेले दही दिले.

कोरे कागद घेऊन ते पुन्हा त्या खिडकीपुढे उभे राहिले. आयुष्यात अपमानाचे अनेक प्रकार त्यांनी अभ्यासले होते. पण आपल्या प्रामाणिकपणाला आपल्याच जिन्यात एक साक्षीदार मिळू नये, या प्रकाराला त्यांच्या ग्रंथसंग्रहात नाव नव्हते. कुल्याश यांनी आकडा मांडला. कर, दंड, व्याज. रक्कम वाचून ओरिन्बासार यांनी मनातल्या मनात मेजवानीतला गायक रद्द केला, मग मिठायांचे टेबल, मग दुसरा घोडा. जे उरले ते सभागृहाच्या रकमेइतके होते. त्याहून एक बशीभर जास्त नाही.

"भरलंत की हे संपलं," कुल्याश म्हणाल्या. "फक्त महिनाअखेरपर्यंत खातं शांत. विसरू नका."

त्यांनी पैसे भरले. त्या दिवसापासून फोन हा त्यांना उशाशी ठेवलेल्या विंचवासारखा वाटू लागला. केंजेगुलच्या बहिणीने चुकून थोडे पैसे पाठवले, तेव्हा त्यांनी तिला फोन करून असे झापले, की ती दोन दिवस बोलली नाही. महिना सरत आला. अठ्ठावीस तारखेची संध्याकाळ उजाडली... म्हणजे मावळली, पण ओरिन्बासार यांच्या दृष्टीने ती उजाडलीच होती. खात्यावर फेब्रुवारीत एकूण चार माणसे होती. काही तासांचा प्रश्न होता. ते पाव आणायला खाली उतरले, शीळ घालत परत आले, आणि लिफ्टमध्ये शिरले.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली. हीच ती लिफ्ट, जिच्यासाठी डिसेंबरात शंभरावर माणसांनी पैसे पाठवले होते. आणि त्याच वेळी खिशात फोन किणकिणला.

दंतवैद्य. पाच हजार तेंगे. सोबत एकच शब्द : *ऊब.*

ऊब. घर जळालेल्याला, गुरे मेलेल्याला, संकटात सापडलेल्याला चार घरांनी जमवून दिलेल्या मदतीला याच नावाने ओळखतात. आणि ती नाकारणे म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणे. केंजेगुल दुपारी गायक रद्द झाल्याचे सांगताना जिन्यात रडली होती. एवढे पुरले होते.

किण. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. किण. शिक्षिका. किण, किण. नणंद, केकचा वास येईल अशा घाईने. ज्यांनी खऱ्यावर सही केली नाही, ते सगळे खरोखरीचे पैसे पाठवत होते. सत्याला साक्षी राहणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांना दंड भरून देणे सहज परवडत होते. मानवी स्वभावावर एक स्वतंत्र प्रकरण लिहावे असा हा मुद्दा, पण ओरिन्बासार या वेळी लिफ्टच्या दारावर मुठी मारीत होते.

मग त्यांना सुचले. त्यांनी इमारतीच्या गटावर संदेश टाकला : *कृपया कोणीही पैसे पाठवू नका!*

मग तुर्सिनखान यांचे उत्तर आले : *बघा, ओरेके लाजले! मानी माणूस आहे.*

किण. किण. किण. किण.

*लाजत नाही! खरंच नको!* त्यांनी लिहिले.

*तीनदा नको म्हणणं हीच खानदानी रीत,* शिक्षिकेने लिहिले, आणि नवऱ्याकडूनही पाठवायला लावले.

तिसऱ्यांदा नको म्हणण्याचे धाडस ओरिन्बासार यांना झाले नाही. ते लिफ्टच्या फरशीवर पाव मांडीवर घेऊन बसले आणि मोजू लागले. साठ. बहात्तर. हे लोक नोटिशीविषयी ऐकून होते, शंभराविषयीही ऐकून होते; पण शंभरातला जो एक माणूस जास्तीचा ठरतो, तो आपण असू असे कोणालाच वाटत नाही. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. सत्त्याण्णव. वर कोणीतरी लिफ्टच्या दारात लोखंडी पहार घातली होती. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव.

फोन थांबला.

पहारीने दार उघडले. वर तुर्सिनखान यांचा लालबुंद चेहरा दिसला. कुस्तीत ते माणसांना खाली पाडीत, या वेळी त्यांनी एकाला वर ओढले.

"कोण राहिलंय?" ओरिन्बासार यांनी त्यांच्या कोटाला धरून विचारले. "कोण राहिलंय पाठवायचं?"

"घरी आहेत त्यांच्यातलं कोणी नाही. फक्त मी." तुर्सिनखान यांनी खिशातून फोन काढला. "आता तुमची खुशाली बघितली, म्हटलं हे घ्या..."

"नको!" ओरिन्बासार यांनी त्यांचे मनगट पकडले. दोघे जिन्यात काही क्षण झुंजले. निवृत्त कुस्तीप्रशिक्षकाने आयुष्यात पहिल्यांदा एका इतिहासकाराकडून मात खाल्ली. "रोख द्या! रोख! डब्यात टाका, खिशात टाका, पण फोनवर नको!"

"तुम्हीच म्हणाला होतात, रोख म्हणजे खून..."

"मी म्हणतोय आता की खून करा!"

तुर्सिनखान यांनी दुखावलेल्या चेहऱ्याने दहा हजारांची नोट त्यांच्या पावाच्या पिशवीत टाकली.

घरी केंजेगुलने नवा चहा केला. ओरिन्बासार यांनी फोन मेजाच्या मधोमध ठेवला, चार वेळा मोजले, चारही वेळा नव्याण्णव. चौघे आधीचे धरून. सभागृहाचे पैसे उद्या सकाळी जातील. गायक पुन्हा येईल. कदाचित मिठायांचे टेबलही. कितीतरी दिवसांनी त्यांनी चहा गरम असताना प्यायला, आणि आपल्या शेजाऱ्यांविषयी त्यांच्या मनात मृदू असे काहीतरी उमटू लागले. त्याला त्यांनी अजून नाव दिले नव्हते, इतक्यात फोन किणकिणला.

*कुल्याश ब. वीस हजार तेंगे.* आणि खाली : *ऊब. नणंदेने सांगितलं. कार्यालयातून नाही, माणूस म्हणून पाठवतेय. लाजू नका, आगाय.*

केंजेगुलने वाचले. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही तळवे छातीपुढे उघडले, जसे देणाऱ्यासाठी दुवा मागताना उघडतात.

"देव त्या बाईच्या घरी बरकत देवो. तिच्या लेकराबाळांना आयुष्य देवो. तिचा हात कधी रिकामा न राहो." मग नवऱ्याकडे पाहून, "अहो, तुम्हीही म्हणा ना! दुवा अर्धवट ठेवू नये."

ओरिन्बासार यांनी तळवे उघडले. फोनची काच पुन्हा उजळली होती; या वेळी पाठवणारा माणूस नव्हता, यंत्र होते. त्यांनी तिकडे पाहिले नाही.

"आमीन," ते म्हणाले, आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली उतरवायला त्यांनी नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला.